हप्ता आमचा, निर्णय कुणाचा?

सामूहिक आरोग्य विम्यात सभासदांच्या मताला जागा हवी

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील तांडे, वाड्या आणि वस्त्या ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, गेवराई या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत आजारी पडण्याची सोय नसते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे दुखणे अंगावर काढणे हाच औषधोपचार होऊन बसतो.

या अंगावर काढलेल्या दुखण्याचा हिशेब २०१९ साली सर्व महाराष्ट्रापुढे आला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा महिलांमागे एक. देशभरच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. पाहणीतील काही महिला तर पंचविशीच्या आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पांढऱ्या पाण्याचा त्रास कायमचा मिटावा, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, अशी कारणे या महिलांनी सांगितली. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

या प्रश्नावर स्त्री-आरोग्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे हे पान व्यापार-उद्योगाचे असल्याने आम्ही त्याकडे पैशाच्या अंगाने पाहणार आहोत. आजारपणाचा पैसा कशावर खर्च व्हावा आणि कशावर होऊ नये, हे कोण ठरवते? ज्यांच्या शरीराचा आणि ज्यांच्या पैशाचा प्रश्न आहे त्यांना कुणी विचारते काय?

यादी कुठे ठरते?

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलै महिन्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत बीडचा समावेश असल्याने येथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला. सुमारे ९७० उपचारांपासून सुरू झालेली तिची यादी पुढे १३५६ पर्यंत गेली. २०२५ मध्ये ती त्याहून मोठी करण्याचा निर्णय झाला. संरक्षणाची रक्कम दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. हे सर्व स्वागतार्हच आहे. या योजनेमुळे अनेक घरे कर्जातून वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु या यादीचे स्वरूप पाहा. ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांची आणि शस्त्रक्रियांची यादी आहे. गावातल्या डॉक्टरची साधी तपासणी, रोजची औषधे, पाळीच्या त्रासावरचा सुरुवातीचा इलाज यांचा खर्च तिच्यात येत नाही. बुडालेल्या मजुरीचा तर प्रश्नच नाही. पोटात दुखते म्हणून आज दोनशे रुपये खर्च करायचे तर ते स्वतःच्या पदरचे. दुखणे वाढून शस्त्रक्रियेपर्यंत गेले की मग योजनेचा दरवाजा उघडतो. बीडमधील त्या शस्त्रक्रियांपैकी पुष्कळशा खाजगी दवाखान्यांत, उसने-पासने करून झाल्या. त्यामुळे त्यांचे खापर आम्ही योजनेवर फोडत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ऊस तोडणाऱ्या बाईला कुणी विचारले असते तर तिने पहिली मागणी शस्त्रक्रियेची केली नसती. कोपीजवळ पाणी आणि शौचालय, वेळेवर तपासणी, दोन दिवसांची भरपगारी विश्रांती, हेच तिने मागितले असते. यादी मुंबईत बसून ठरते. दुखणे मात्र फडात असते.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच रक्कम राज्य सरकारकडून, असा त्याच्या निधीचा मार्ग ठरला. म्हणजे हा पैसा कोयत्याच्या प्रत्येक घावाशी जोडलेला आहे. अशा निधीतून आरोग्याची व्यवस्था करताना कोयत्याचा आवाज किती असावा, हा प्रश्न विचारण्याचा हक्क कामगारांना आहेच.

दुकानदार आणि नोकरदारही त्याच रांगेत

हा प्रश्न केवळ ऊसतोड कामगारांचा आहे असे वाचकांनी समजू नये. शिक्षण संस्थेतील शिक्षक, पतसंस्थेचे सभासद, व्यापारी संघटनेतील दुकानदार, सूतगिरणीचे कामगार असे अनेकजण आज सामूहिक विम्यात आहेत. या विम्याची पद्धत अशी की पॉलिसी संस्थेच्या नावावर असते. सभासदाच्या हाती फक्त प्रमाणपत्र पडते. अटी ठरतात त्या संस्थेचे पदाधिकारी आणि विमा कंपनी यांच्यात. खोलीच्या भाड्याला मर्यादा किती, बाळंतपणाला रक्कम किती, आई-वडिलांना संरक्षण आहे की नाही, जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून पैसे मिळणार की दोन-तीन वर्षे थांबावे लागणार, बिलाचा काही टक्के भाग रुग्णाने सोसायचा की नाही, हे सर्व एका टेबलावर ठरते. त्या टेबलाभोवती सामान्य सभासदाची खुर्ची नसते.

समजा, एखाद्या संस्थेत दोनशे कुटुंबे आहेत आणि दर कुटुंबामागे पाच हजार रुपये हप्ता आहे. म्हणजे वर्षाला दहा लाख रुपये झाले. हा काही लहानसहान व्यवहार नव्हे. दहा लाखांचा माल खरेदी करताना आमचा व्यापारी बांधव चार ठिकाणी भाव विचारतो, नमुना पाहतो, भागीदारांचा मश्वरा घेतो. आणि दहा लाखांचा विमा घेताना? कागद येतो, सही होते, पगारातून रक्कम कापली जाते. दवाखान्यात दाखल झाल्यावरच कळते की अमुक आजार बसत नाही, तमुक खोली चालत नाही.

दावा फेटाळण्याच्या बाबतीत विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ च्या परिपत्रकाने काही शिस्त आणली. कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येणार नाही, असे बंधन घातले गेले. सुधारणा चांगली आहे, पण ही समिती कंपनीची आहे. ज्यांचा पैसा जमा झाला त्यांच्यापैकी कुणीही तिच्यात बसत नाही.

जगात हे नवीन नाही

विमा घेणाऱ्यानेच विम्याचा कारभार पाहावा, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत बिस्मार्क यांच्या काळात, १८८३ साली, कामगारांच्या आजार विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन भाग कामगार देत आणि एक भाग मालक. त्याच प्रमाणात आजार निधीच्या कारभारी मंडळात जागा असत. म्हणजे बहुमत कामगारांचे. त्या विम्यात औषधोपचाराबरोबर आजारपणातील मजुरीचा भागही मिळत असे, कारण कामगाराच्या घरी पहिली अडचण चुलीची असते. नाझी राजवटीने १९३४ मध्ये हे स्वराज्य मोडून काढले. १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, मात्र पुढे बहुतेक निधींत मालक आणि विमेदार यांच्या जागा समान झाल्या. आजही तेथे दर सहा वर्षांनी या मंडळांच्या निवडणुका होतात. २०२३ मध्ये अशी निवडणूक झाली.

आपल्या देशात कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला. त्यात महामंडळावर मालकांचे आणि कामगारांचे समान संख्येने प्रतिनिधी ठेवण्यात आले. बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि आजारपणात मजुरीचा ठराविक हिस्सा, या तिन्ही गोष्टी त्या योजनेत आल्या. तिच्या दवाखान्यांबद्दल कामगारांच्या तक्रारी आहेतच. तरीही गरज ओळखण्यात ती योजना कमी पडली नाही. मात्र ऊसतोड कामगार, हमाल, हातगाडीवाले, गॅरेजमधील कारागीर हे तिच्या बाहेरच राहिले.

सेवाग्रामची ज्वारी

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहू. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. तेथील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या खेड्यांत एक आरोग्य विमा उभा केला. त्याचा हप्ता रुपयांत नव्हता, ज्वारीत होता. सुगीच्या दिवसांत घरात धान्य असते, रोकड नसते, हे ओळखून प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त आणि भूमिहीनाने अगदी थोडी द्यायची. उपचार मात्र ज्याला जेवढी गरज तेवढे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. एखादे गाव योजनेत घ्यायचे की नाही हे गावाच्या सभेवर अवलंबून असे. मूठभर घरांनी येऊन चालत नसे. गावातील बहुसंख्य कुटुंबे आली तरच गाव योजनेत. आरोग्यसेवकाची निवड ग्रामसभाच करत असे आणि जमलेल्या धान्याचा हिशेब गावापुढेच होत असे. अचानक उद्भवलेल्या आजारात दाखल झाल्यास उपचार मोफत. आधीपासून माहीत असलेल्या, ठरवून करायच्या उपचारांत मात्र रुग्णानेही काही भाग द्यायचा, अशी वाटणी होती. शहरातील विमाशास्त्रज्ञ जी गोष्ट आकडेमोडीने सांगतात ती खेडूतांना अनुभवाने पटली.

या योजनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्वारीच्या पैशातून रुग्णालयाचा सारा खर्च निघणे शक्यच नव्हते. रुग्णालयाचा मोठा भार सरकारी अनुदानावर होता. म्हणून केवळ गावकऱ्यांच्या वर्गणीवर इस्पितळ चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. पण निर्णयात लोकांना घेतले तर गरिबातला गरीब माणूसही हप्ता भरतो आणि नियम पाळतो, हे सेवाग्रामच्या खेड्यांनी दाखवून दिले.

पुण्याच्या वस्त्यांतील दावा समिती

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. मेधा पुरव सामंत यांनी १९९३ मध्ये उभारलेल्या अन्नपूर्णा परिवाराने वस्त्यांतील भाजीविक्रेत्या, घरकाम करणाऱ्या आणि छोटा धंदा करणाऱ्या स्त्रियांना कर्जपुरवठा सुरू केला. या कामात एक गोष्ट ध्यानात आली की कर्ज थकण्यामागे बहुधा घरातले आजारपण असते. त्यातून २००३ च्या सुमारास सभासदांचा परस्पर आरोग्य निधी उभा राहिला. त्याच सुमारास पुण्यात अपलिफ्ट या संस्थेनेही अशाच परस्पर निधींचे जाळे विणायला सुरुवात केली.

या निधींचे वैशिष्ट्य म्हणजे दावा समिती. सभासद स्त्रियांनी निवडलेल्या प्रतिनिधी ठराविक मुदतीने एकत्र बसतात. कार्यकर्ते कागदपत्रे मांडतात, वैद्यकीय बाजू समजावून सांगतात आणि ठरलेल्या नियमांच्या चौकटीत प्रतिनिधी निर्णय घेतात. ज्या बाईने काल दुसरीच्या दाव्यावर मत दिले तिचा स्वतःचा दावा उद्या त्याच समितीपुढे येणार असतो. त्यामुळे फार सैल राहून चालत नाही आणि फार कठोर होऊनही चालत नाही. सैल राहिले तर निधी आटतो, कठोर झाले तर सभासद निघून जातात. व्यापारी भाषेत सांगायचे तर गल्ल्यावर मालक स्वतः बसलेला असतो.

लोकांना विचारले तर काय मागतात?

गरीब, कमी शिकलेल्या माणसांना विम्यातले काय कळणार, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर देणारा एक प्रयोग २००५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकात झाला. अमेरिकेत तयार झालेला, पाटावर सोंगट्या मांडून खेळायचा एक खेळ येथील परिस्थितीप्रमाणे बदलून घेण्यात आला. वेगवेगळ्या गटांतील सुमारे तीनशे गरीब स्त्री-पुरुषांसमोर तो मांडला गेला. प्रत्येकाजवळ मोजक्याच सोंगट्या, म्हणजे मोजकाच हप्ता. त्यातून कोणकोणते उपचार घ्यायचे ते आधी एकट्याने ठरवायचे आणि मग गटात चर्चा करून एकमत करायचे. सगळे घेता येणार नाही, हे पाटच सांगतो.

प्रयोग करणाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांनी विचारपूर्वक निवड केली होती. दाखल होण्याच्या खर्चाबरोबरच बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि चाचण्या यांना त्यांनी पसंती दिली. म्हणजे बाजारातील बहुतेक पॉलिसींत नेमके जे नसते तेच लोकांना हवे होते. घराचे गणित रोज सांभाळणाऱ्या माणसाला कुठला खर्च वारंवार येतो हे पक्के ठाऊक असते. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणतात ते उगीच नाही.

सेवाचा धडा

गुजरातमधील सेवा या स्त्री कामगारांच्या संघटनेने १९९२ मध्ये विमा सुरू केला. २००९ मध्ये त्याची सहकारी संस्था झाली. सभासद स्त्रियाच तिच्या भागधारक. या विम्यातील दाव्यांचा अभ्यास झाला तेव्हा एक धक्कादायक गोष्ट समोर आली. दाखल होण्याच्या प्रमुख कारणांत गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होती आणि ती करून घेणाऱ्या स्त्रियांचे सरासरी वय केवळ ३७ वर्षे होते. म्हणजे बीडचे दुखणे फक्त बीडचे नाही. पुढे आरोग्य शिक्षणाने हे प्रमाण कमी होते काय, याचीही पाहणी झाली. नुसत्या आरोग्य शिक्षणाने दाव्यांत फारसा फरक पडला नाही.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, सभासदांची मालकी असली तरी चुकीचे उपचार आपोआप थांबत नाहीत. दुसरा असा की, दाव्यांची यादी सभासदांसमोर उघडी असली तर कुठे पाणी मुरते ते दिसते. दिसल्यावर नियम करता येतो. पिशवीच्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला सक्तीचा आणि त्याची फी निधीतून, असा ठराव सभासद करू शकतात. या शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. तरीही कायदा फडापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्या स्त्रीच्या शेजारी बसलेली दावा समितीची बाई मात्र लगेच पोहोचते.

शिल्लक कुणाची?

बीड जिल्ह्याला विम्याचे प्रयोग नवे नाहीत. २०२० च्या खरिपात पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ येथेच सुरू झाला. नुकसानभरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार सरकारचा. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची, असा तो करार. उरलेला पैसा कंपनीच्या खिशात जाऊ नये, हे तत्त्व त्यातून रुजले. पण परत आलेल्या पैशाचे काय करायचे हे शेतकऱ्याला कुणी विचारले नाही.

मुस्लिम समाजात विम्याबद्दलचा संकोच जुना आहे. व्याज आणि अनिश्चितता या कारणांनी व्यापारी विमा अनेकांना मान्य नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा अमान्य ठरवला आणि परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. १९७९ मध्ये सुदानमध्ये आणि १९८४ च्या कायद्यानंतर मलेशियात तकाफुल कंपन्या उभ्या राहिल्या. परस्पर सहकार्याच्या विम्यात निधी सभासदांचा आणि शिल्लकही सभासदांची, हे तत्त्व आहे. मग निर्णयही सभासदांच्या मश्वऱ्याने का नसावा? नाव परस्पर सहकार्याचे आणि कारभार चार संचालकांचा, असे होत असेल तर फरक फक्त पाटीचा राहतो.

बहुमताचे धोके

येथे सावधगिरीचा इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हात वर करून सगळेच ठरवता येत नाही. दोनशे कुटुंबांत डायलिसिसचा रुग्ण एखादाच असतो. त्याचा खर्च वगळला तर प्रत्येकाचा हप्ता कमी होईल, असे सांगितल्यावर किती हात वर जातील? तो एक माणूस एकटा पडेल. विम्याचा मूळ हेतूच एकट्याचे ओझे सर्वांनी उचलावे हा आहे. म्हणून काही गोष्टी मतदानाच्या बाहेर ठेवल्या पाहिजेत. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवले आहे. ते कुणा सभेला बदलता येणार नाही.

दुसरा धोका गुप्ततेचा. लहान गावात कुणाला काय झाले हे समितीत उघड झाले तर विशेषतः स्त्रिया दावाच करणार नाहीत. म्हणून दाव्याचे कागद नावाशिवाय मांडावेत आणि समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात.

तिसरा धोका पैशाचा. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात काही पतसंस्थांत लोकांच्या ठेवी अडकल्या. तेथेही सभासद होते, वार्षिक सभा होत होत्या, टाळ्याही वाजत होत्या. हिशेब मात्र कुणी विचारला नाही. हिशेबाशिवाय लोकशाही म्हणजे नुसता हार-तुऱ्यांचा कार्यक्रम होय.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, स्वतःची विमा कंपनी काढण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. १९९९ च्या कायद्याने त्यासाठी शंभर कोटी रुपये भांडवलाची अट घातली. केवळ विमा घेण्यासाठी गट तयार करायलाही नियामकाची मनाई आहे. पण जो गट आधीपासून आहे, मग ती संघटना असो, सहकारी संस्था असो वा कामगारांची टोळी असो, त्याने आपला आवाज संघटित करावा. मोठ्या आजारासाठी नोंदणीकृत कंपनीची सामूहिक पॉलिसी घ्यावी. लहान खर्चासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी सभासदांचा छोटा मदत निधी ठेवावा. तो मदत म्हणूनच चालवावा, हमी देऊन नव्हे, आणि त्याची रीतसर नोंदणी व तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, नूतनीकरणाच्या दोन महिने आधी सभासदांची सभा घ्यावी. विमा कंपनीकडून मागील वर्षाचा तपशील मागावा. किती दावे आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, कोणत्या कारणाने, हप्त्याच्या मानाने किती रक्कम मिळाली, हे सर्व मराठीत आणि गरज असेल तेथे उर्दूतही फळ्यावर मांडावे. दहा लाख भरून चार लाखांचे दावे झाले असतील तर पुढील वर्षी घासाघीस करण्यास जागा आहे. नऊ लाखांचे झाले असतील तर हप्ता वाढण्याची तयारी ठेवावी लागेल. दोन्ही गोष्टी सभासदांना ठाऊक असाव्यात.

तिसरी गोष्ट, निवड करताना पर्याय मांडावेत. आई-वडिलांना घ्यायचे तर हप्ता इतका, खोलीची मर्यादा कमी ठेवली तर इतका, बाळंतपणाची रक्कम वाढवली तर इतका. मग मत घ्यावे. ज्यांना सभेत बोलता येत नाही त्यांचे, विशेषतः स्त्रियांचे म्हणणे आधी घरोघर जाऊन विचारावे.

चौथी गोष्ट, पाच-सात जणांची दावा समिती निवडावी. फेटाळलेला प्रत्येक दावा तिच्यापुढे यावा. अन्याय वाटल्यास तिने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकिलाची गरज नाही आणि सामूहिक पॉलिसीतील सभासदालाही दाद मागता येते. मात्र दावा फेटाळल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. समितीचे सदस्य दर दोन वर्षांनी बदलावेत आणि पदाधिकाऱ्यांचे नातलग तिच्यात नसावेत.

यंदाचा हंगाम संपला की टोळ्या परत येतील. लग्नसराई असेल, उचल फेडण्याचे हिशेब होतील. मुकादमाशी पुढील हंगामाचा करार करताना किती टन आणि किती उचल एवढेच बोलले जाते. त्यात आणखी एक ओळ यावी, अशी आमची अपेक्षा आहे: आजारपणाची सोय काय आणि ती कुणी ठरवली? शिक्षकांनी ती आपल्या संस्थाचालकांना विचारावी, दुकानदारांनी आपल्या संघटनेला विचारावी आणि कामगारांनी महामंडळाला विचारावी. हप्ता भरणारा हात मत देण्यासाठीही वर गेला पाहिजे. सुरुवात येत्या सभेपासून करावी, कारण पॉलिसीवर सही झाल्यावर वर्षभर फक्त वाट पाहणे उरते.